हेर्शआजोबांचा व्हिसा

शारजात त्या काळी ऊन असं पडायचं की बाल्कनीत वाळत घातलेले पापड तळूनच आत यायचे. हे मी सांगायला लागले की माझी मुलगी सई फोनमधून मान वर न काढता म्हणते, "आई, दॅट्स नॉट इव्हन पॉसिबल." नसेल. पण पापड तुझ्या आजीचे होते, बाल्कनी आमची होती आणि तुझं सायन्स तेव्हा शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं होतं. वाचकांनाही आधीच सांगून ठेवते, माझ्या आठवणींच्या दुधात थोडं पाणी असतं. ज्यांना निर्भेळ दूध हवं त्यांनी माझ्या भावाकडे जावं, तो ऑडिटर आहे. ब्रोन्याआजीच्या बाबतीत मात्र मी पाणी फार घातलेलं नाही, कारण तिथे घालायला जागाच नव्हती.

आमची बिल्डिंग रोला भागात होती. खाली बकाला, म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान, त्याच्या शेजारी पठाणाची भट्टी. तो खुबूस, म्हणजे तिथल्या रोट्या, थापायचा त्याचा फटफट आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आई त्या तालावर पोळ्या लाटायची. आजूबाजूच्या मशिदींतून अजान व्हायची, त्यातली एक जराशी उशिराने, आणि आई कुकरची शिट्टी त्या उशिराच्या अजानशी लावून ठेवायची. एसीचं पाणी ठिबकायचं ते खालच्या मजल्यावरच्या मल्याळी काकांच्या तुळशीत, त्यामुळे ती तुळस केळीएवढी झाली होती. बाबा दुबईला एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. सकाळी निघताना त्यांची दाढी गुळगुळीत असायची आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ऋषीसारखी वाढलेली असायची, इतका तो रस्ता तुंबायचा. आई दार उघडून आधी नीट निरखून बघायची, मग आत घ्यायची.

आणि लिफ्ट. त्या लिफ्टमध्ये लग्नं जुळली असती, इतकी ती हळू होती. एका दुपारी शाळेतून येताना मी तिच्यात शिरले तर आत एक गोरी म्हातारी उभी होती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, एका हातात मैद्याचं पाकीट, दुसऱ्या हातात नारंगी रंगाची पर्स. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. मी घाबरून बटणं बडवायला लागले. म्हातारीने शांतपणे मैदा खाली ठेवला, त्याच्या बाजूला स्वतः बसली, फरशीवर हात आपटून म्हणाली, "झेत्स झिख, मेयदेले." बस, पोरी. मी बसले. तिने पर्समधून पत्ते काढले.

वॉचमनने लोखंडी पहार आणून दार उघडलं तोवर मी तिची भाषा निम्मी शिकले होते आणि ती आमचा झब्बू पूर्ण शिकली होती. तिच्याकडेही तसाच खेळ होता, ज्याच्या हातात शेवटी पत्ते उरतील तो हरला. हरणाऱ्याला ती 'नार' म्हणायची, म्हणजे मूर्ख. त्या दिवशी नार मीच झाले. पहार घेऊन उभ्या असलेल्या वॉचमनला तिने हात दाखवून थांबवलं, डाव संपवला, आणि मगच आम्ही बाहेर आलो.

तिचं नाव ब्रोन्या, पण सगळी बिल्डिंग तिला रशियन आजी म्हणायची. तिचा मुलगा ल्योवा शारजाच्या विमानतळावर मालवाहू विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याच्याच व्हिसावर ती आली होती. पण रशियन ती फक्त लिफ्टपर्यंत असायची. घरात शिरली की आधी खिडकी लावायची, मग एसी सुरू करायची आणि मग तिची स्वतःची भाषा बाहेर काढायची, जशी आई पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढते. ती भाषा यिडिश. पूर्व युरोपातल्या ज्यूंची, घरात, बाजारात, भांडणात आणि अंगाईत वापरायची. "हे आपलं दोघींचं," तिने पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, ओठांवर बोट ठेवून. त्या काळात त्या अरबी गावात ते शहाणपणाचंच होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नसे, पण हे मी शाळेत कुणाला सांगितलं नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या वर्षात पोटात ठेवली असेल.

रोज दुपारी, आई वामकुक्षी घ्यायला आडवी झाली की मी वरच्या मजल्यावर. ती मला शुबेले म्हणायची. शुभा या नावाला असं शेपूट लावलं की ते लाडकं होतं, असा तिच्या भाषेचा कायदा. आम्ही पत्ते खेळायचो, मैद्याच्या पाऱ्या लाटायचो, त्यात बटाटा आणि परतलेला कांदा भरून कडा दुमडायचो. तिच्या वारेनिकेस म्हणजे उकडलेल्या करंज्याच. मी कातण्याने कड कापून दाखवली तेव्हा तिने ते कातणं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मला परत दिलंच नाही. आईने नवीन आणलं.

आमच्या खेळाला एक शिक्षा होती. नार झालेल्याने दोन ओळींचं यमक जुळवून म्हणायचं, तिच्या भाषेत. तिचे वडील त्यांच्या गावात लग्नामध्ये यमकं म्हणणारे होते. खुर्चीवर उभं राहून नवरीसमोर अशा काही ओळी जुळवायचे की आधी बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि पुढच्या ओळीला पोट धरून हसायच्या. ब्रोन्याआजी तो वारसा शारजातल्या एका बेडरूम-हॉलमध्ये चालवत होती आणि तिची प्रजा म्हणजे मी एकटी. नियम एकच. यमकात हवं तेवढं खोटं बोल, पण ओळ अर्धी सोडायची नाही. मी म्हटलं, मला विमानाएवढा मासा चावला. ती म्हणाली, चालेल, पण त्या माशाने पुढे काय केलं ते सांग. माझ्यासारखीला याहून चांगली शाळा कुठे मिळणार होती? घरी मी बाता मारल्या की आई म्हणायची, "कार्टे, जिभेला हाड नाही तुझ्या." वर मी बाता मारल्या की दुसरी वारेनिके ताटात पडायची. "एस, एस," खा, खा.

चहा ती काचेच्या ग्लासात द्यायची, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. टेबलावर नेहमी तीन ग्लास. एक तिचा, एक माझा, एक हेर्शचा. हेर्श तिचा नवरा. हेर्शला चहा कडक लागतो. हेर्शला हे गाणं आवडत नाही. हेर्श असता तर त्याने हुकूम आत्ताच टाकला नसता. असं ती बोलायची, जणू तो खाली बकाल्यात काडेपेटी आणायला गेलाय. संध्याकाळी निघताना मी तो गार चहा बेसिनमध्ये ओतायचे आणि ग्लास विसळून ठेवायचे.

हे मी आईला सांगितलं तेव्हा आईने जो अर्थ लावला तो गल्फमध्येच लागू शकतो. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी काकांची बायको त्रिशूरला होती, पठाणाची पेशावरला, बाबांच्या ऑफिसातल्या कदमांची साताऱ्याला. गैरहजर माणूस म्हणजे व्हिसा न झालेला माणूस, याखेरीज दुसरा विचार तिथे कुणाच्या मनात यायचाच नाही. आई हळहळली. "एवढ्या वयात नवऱ्याशिवाय राहते बिचारी. आणि रोज त्यांच्या नावाचा चहा ओतते." मग रात्रीच्या जेवणात बाबांच्या पानात आमटी वाढता वाढता, "अहो, तुमच्या ऑफिसातला तो मंदूब आहे ना, सरकारी कामं करणारा, त्याला विचारा की हेर्शभाऊंच्या व्हिसाचं."

"अगं, मुलाच्या व्हिसावर आईवडील दोघं येतात की. त्यांनी केलाच असेल अर्ज."

"केला असता तर आले नसते का? तुम्ही विचारा हो. विचारायला काय जातंय."

बाबांनी विचारलं. मंदूब म्हणाला, "इन्शाल्ला, हबीबी, फोटो लाव." गल्फमध्ये प्रत्येक कामाची सुरुवात फोटोने होते आणि पुष्कळशा कामांचा शेवटही. मी वर गेले आणि माझ्या मोडक्या यिडिशमध्ये ब्रोन्याआजीला सांगितलं, बाबा हेर्शआजोबांना इथे आणणार आहेत, एक फोटो हवाय. तिने हातातले पत्ते उलटे ठेवले. माझ्याकडे बघत राहिली. आत जाऊन एक फोटो आणून दिला. टोपीतला एक तरुण माणूस, मागे झाडं, तोंडात हसू आणि बहुतेक साखरेचा खडा. बाबांनी तो चष्म्याखाली धरून पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण बॅकग्राउंड पांढरं लागेल."

त्या जानेवारीत आईने संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं ठरवलं. शारजात येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते आणि मराठी मंडळातल्या बायका आईला अजून 'नवीन आलेल्या' म्हणायच्या. त्यांच्या पुढारी कामतकाकू. त्यांचं कुंकू दिरहमच्या नाण्याएवढं होतं आणि त्या ज्या घरी गेल्या नाहीत त्या घरी मंडळातलं कुणीच जात नसे. आईने आठवडाभर तयारी केली. हलवा केला, तिळगुळाच्या वड्या केल्या, रोल्यातून वाण म्हणून लुटायला प्लास्टिकचे डबे आणले, फरशी अशी पुसली की पाली घसरून पडायच्या. हे हळदीकुंकू नीट पार पडलं तर आईला मैत्रिणी मिळणार होत्या. नाही पडलं तर ती पुन्हा त्या उशिराच्या अजानशी कुकर लावत एकटी बसणार होती. हे मला पक्कं कळत होतं, पंधरा वर्षांची होते तरी.

आणि आईने ब्रोन्याआजीला बोलावलं. "सवाष्ण आहे, दिवसभर एकटी असते, वरच्या मजल्यावर आहे. नाही कशी बोलावू?"

ती आली ती ठेवणीतल्या निळ्या झग्यात, हातात वारेनिकेसचा डबा. बाबांना आणि भावाला बेडरूममध्ये कोंडलं होतं. बायका सतरंजीवर, ब्रोन्याआजी खुर्चीवर, मी तिच्या पायाशी दुभाषी म्हणून. कामतकाकूंनी उखाण्यांना सुरुवात केली:

"दुबईहून शारजा, वाटेत ट्रॅफिक फार,
सुरेशराव घरी येईतो वरण होतं गार."

हशा झाला. मी वर बघून ब्रोन्याआजीला समजावलं, प्रत्येकीने नवऱ्याचं नाव यमकात गुंफायचं असतं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी, इतक्या देशांपलीकडे, एका खोलीभर बायका तिच्या वडिलांचा धंदा करत बसल्या होत्या. एकीमागून एक नाव घेतलं जात होतं आणि तिच्या चपलेची टाच फरशीवर ताल धरत होती. कुणीतरी म्हणालं, "आजींना पण घेऊ दे की नाव." ती खुर्चीवरून उठली. क्षणभर मला वाटलं खुर्चीवर चढते की काय. उभ्याउभ्याच, हात छातीवर ठेवून, तिने म्हटलं:

"मायन हेर्श इझ अवेक कोयफन ब्रोयट,
इख गिस इम टेय उन झोग निश्ट टोयट."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. चाल सुंदर होती, अर्थ कुणाला ठाऊक? "काय म्हणाल्या गं?" कामतकाकूंनी मला विचारलं. आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन ब्रोन्याआजीच्या समोरच उभी होती, बोट कुंकवात बुडवलेलं.

आता माझी पंचाईत बघा. पहिली ओळ अगदी सोपी होती, माझा हेर्श पाव आणायला गेलाय. तिथे थांबले असते तर सगळं सुरळीत होतं. दुसऱ्या ओळीच्या जागी ठोकून द्यायला माझ्याकडे एकाहून एक सरस थापा तयार होत्या. त्या घरात खोटं बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ब्रोन्याआजी माझ्याकडे बघत होती, डाव उघडा पडल्यावर बघायची तशी, आणि मला माहीत होतं ती काय बघतेय. ओळ अर्धी सोडायची नाही.

"हेर्श पाव आणायला गेलाय," मी म्हटलं. "मी त्याच्यासाठी चहा ओतते, आणि... मेला असं म्हणत नाही."

एका काकूंनी तिळगुळाची वडी तोंडाशी नेली होती, ती तिथेच राहिली. सवाष्णींच्या मध्ये विधवा बाई, आईने स्वतः बोलावलेली, आईच्या पहिल्याच हळदीकुंकवाला. कामतकाकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, म्हणजे ह्यांचे मिस्टर..."

माझी आई. जन्मभर जिने मला एकेका थापेसाठी दोन फटके दिले, जी दुधात पाणी घातलं तर गवळ्याच्या सात पिढ्या काढायची. तिने कामतकाकूंकडे बघितलं, करंडा दुसऱ्या हातात नीट धरला आणि म्हणाली, "ह्यांच्या मिस्टरांचा व्हिसा पेंडिंग आहे. आमच्या ह्यांनी फोटो दिलाय ऑफिसात." आणि ब्रोन्याआजीच्या गोऱ्यापान कपाळावर हळद लावली, त्यावर कुंकू लावलं, आणि ओटीत डबा ठेवला.

तेवढ्यात बेडरूमच्या बंद दारामागून बाबांचा आवाज आला. "पांढऱ्या बॅकग्राउंडचा लागेल म्हणावं."

कामतकाकूंनी पदर सावरला. त्या काय करतात याकडे सगळी सतरंजी डोळे लावून बसली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "रशियन लोकांच्या व्हिसाला वेळच लागतो हो. आमच्या ह्यांच्या ऑफिसातसुद्धा एकाचा कधीचा अडकलाय." आणि ताटलीतली एक वारेनिके उचलून तोंडात टाकली. "बटाटा आहे का गं ह्यात? रेसिपी घेतली पाहिजे."

मग खोली एकदम बोलायला लागली. मी ब्रोन्याआजीला हळूच सांगितलं, आई काय म्हणाली ते, शब्दाला शब्द. तिने कपाळाला बोट लावलं, बोटावरचा लाल रंग बघितला. मग माझ्या कानात म्हणाली की हेर्श खरंच पावाच्या रांगेत गेला होता, थंडीत, सकाळी. रांगेतच खाली बसला. शेजारच्या माणसाने पाव तिच्या घरी आणून दिला. एवढंच. पुढे म्हणाली, "तुझ्या आईला सांग, तिला उत्तम यमकं जमतील."

त्यानंतर दर बुधवारी कामतकाकू आमच्याकडे यायच्या आणि ब्रोन्याआजी खाली यायची, आणि आई झब्बू शिकली. चौथा ग्लास मांडावा लागायचा, पाचवा, पण हेर्शचा कधी उचलला गेला नाही. बायका आल्या की विचारायच्या, "काय म्हणतोय व्हिसा?" बाबा आतून म्हणायचे, "इन्शाल्ला." पुढे ल्योवाची कंपनी शारजातून हलली आणि त्याच्याबरोबर तीही गेली, गल्फमध्ये सगळे जातात तशी, दोन बॅगा आणि एक टॅक्सी. पत्ते मला देऊन गेली. कातणं घेऊन गेली.

माझ्या तोंडातली ती भाषा मग कितीतरी वर्षं रिकाम्या घरासारखी पडून होती. बोलायला कोण होतं? लग्न झालं, सई झाली, आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसला राहायला आलो. नवऱ्याला, श्रीकांतला, मी अधूनमधून शिव्या यिडिशमध्ये द्यायचे, माझं कोकणी पित्त उसळलंय असं तो समजायचा. आणि मग, दिवस पालटले तसे, या गावात ती भाषा खिडकी उघडी ठेवून बोलता येऊ लागली. आता दर रविवारी आमच्याच टॉवरमध्ये आम्ही चार टाळकी जमतो. त्यात ब्यूनोस आयर्सचा दाताचा डॉक्टर मोइशे आहे, जो स्पॅनिश हेल काढून यिडिश बोलतो, आणि किशिनेवची नर्स फान्या, जिच्या वारेनिकेसना ब्रोन्याआजीच्या नखाची सर नाही, पण मी खाते. कुणी गातं, कुणी विणतं, आणि सगळे झब्बू खेळतात. तो मी शिकवलाय, शिक्षेसकट. मोइशेला वाटतं झब्बू हा प्राचीन ज्यू खेळ आहे. मी त्याला तसं सांगितलंय.

श्रीकांत गेला त्यानंतर मी बरेच रविवार गेले नाही. मग एकदा फान्याने घरी येऊन ओढून नेलं. त्या दिवशी मी हरले. हातात पत्ते उरले, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन ओळी म्हटल्या. श्रीकांत बाहेर गेलाय, दार अजून उघडं आहे, चहा गार झाला म्हणून वाट बघणं थोडंच थांबतं. यमक बरं जुळलं होतं. मोइशे नवीन होता तेव्हा, त्याला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "छान. नवरा कुठे असतो तुझा?"

सई मला न्यायला आली होती, दारात उभी होती, हातात घराची किल्ली. मी म्हटलं, "व्हिसा पेंडिंग आहे." मोइशे समजूतदारपणे मान डोलवायला लागला.

माझी मुलगी, जिने शाळेत गेल्यापासून मला इंग्रजीशिवाय एक उत्तर दिलेलं नाही, ती आत आली, माझ्या बाजूची रिकामी खुर्ची ओढून तिच्यावर बसली, आणि मराठीत म्हणाली, "फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचा लागेल, आई."